प्यो मानबोकची काठी

...तर ज्योतिषानं बोटांच्या पेरांवर हिशेब केला, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि सांगून टाकलं, "तीन जुलै. सकाळी नऊच्या आत." काल आपण इथवर आलो होतो आणि तेवढ्यात जेवणाची हाक आली. मानबोकला मात्र त्या दिवशी जेवणाची शुद्ध नव्हती. सोयांग तळ्याच्या धक्क्यावरचा तो हमाल, आडनाव प्यो, खांदे बैलासारखे. पण ज्योतिषापुढे मांडी घालून शाळकरी पोरासारखा बसला होता. सून दवाखान्यात होती. मूल पोटात आडवं होतं, पोट उघडूनच काढायचं होतं, आणि डॉक्टरांनी एकोणतीस जून ठरवला होता. आता उघडायचंच आहे, तर दिवस चांगला का पाहू नये? आमच्याकडे सगळेच पाहतात. चुन्चनच्या बाजारामागे त्या ज्योतिषाच्या दारात अशा होणाऱ्या आजोबांची रांग लागायची.

"एकोणतीसला वाईट काय आहे?" मानबोकनं भीत भीत विचारलं.

"वाईट काही नाही. मूल जगेल, खाईल, पिईल, घरात बसेल. तीनला काढलंत तर नाव समुद्रापार जाईल. तुमचं तुम्ही बघा, मला काय!"

असं म्हटल्यावर कोणता आजोबा एकोणतीस म्हणेल?

दवाखान्यात सून उन्जू पाय सुजवून पडली होती. नवरा तिकडे उल्सानच्या गोदीत, त्याला सुट्टी नाही. उन्जू म्हणाली, "मामंजी, माझ्याच्यानं आता होत नाही हो."

"अगं, चारच दिवस. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

डॉक्टर कुरकुरले, पण मुहूर्तवाले आजोबा त्यांनी पुष्कळ पाहिले होते. उन्जूनं दात आवळून ते दिवस काढले. तीन जुलैला, नऊच्या आत, मुलगी झाली. तिचं नाव दान्बी. मानबोकनं धक्क्यावर येईल त्याच्या हातात तांदळाची वडी ठेवली, अगदी अनोळखी टुरिस्टांच्यासुद्धा. नाव समुद्रापार जाणार म्हटल्यावर सुरुवात धक्क्यापासूनच करायला हवी होती ना!

दान्बी बालवाडीत असताना शाळेची सहल बर्फाच्या रिंकवर गेली. बाकीची पोरं कठड्याला चिकटून रडत होती आणि ही पडत, उठत, पडत मधोमध जाऊन उभी राहिली आणि चहूकडे बघायला लागली, जणू जागा विकत घ्यायला आलीय. झालं. तोवर तळ्याला वळसा घालून पक्का रस्ता झाला होता, बोटींची कामं बसली होती. मानबोकला त्याच रिंकवर नोकरी मिळाली. बर्फ घासून गुळगुळीत करायची गाडी चालवायची आणि उरलेला वेळ नातीकडे बघत बसायचं. उन्जू कुट्टूच्या पिठाच्या, गार रश्श्यातल्या शेवयांचं दुकान सांभाळायची. रिंकवर तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. ती दान्बीची आई.

तिथं शिकवायला कू मॅडम होत्या. बारकी बाई, आवाज भोंग्यासारखा. एके वर्षी त्यांचा खांदा निखळला आणि काठी धरायला कोणी उरलं नाही. ही काठी म्हणजे मासे धरायच्या गळाच्या काठीसारखी, लांब आणि जाड. टोकाला दोरी, दोरीला पट्टा, आणि पट्ट्यात मुलगी. ती बर्फावरून जोरात येते, उडी मारते, आणि काठीवाला तिच्या बाजूनं घसरत जाऊन तिला वरच्या वर धरतो, म्हणजे हवेत फिरायला तिला थोडा जास्त वेळ मिळतो. पडली तर आपटत नाही. उडी जमायला लागली की दोरी सैल करत जायची. शेवटी दोरी नुसती लोंबते, मुलगी आपली आपण उतरते.

कू मॅडमनी मानबोकचे खांदे पाहिले आणि म्हणाल्या, "आजोबा, पोती किती वर्षं उचललीत?"

"दात पडायच्या आधीपासून."

"मग आता न उचलायला शिका. तुमचं काम एवढंच, पोर आपटू द्यायची नाही. उडायचं तिचं तिनं."

बर्फावर घसरणं नोकरीत अंगवळणी पडलंच होतं, आता हातही मोठे गुणी निघाले मानबोकचे. काही महिन्यांतच दोरीवरून त्याला मुलींचं सगळं कळायला लागलं. एक मुलगी रोज सकाळी फक्त उकडलेलं अंडं खाऊन आल्याचं सांगायची. मानबोकनं तिला एकदा उडवली आणि म्हणाला, "रामेनच्या शेवया. आणि वर भातही कालवलेला."

पोर रडकुंडीला. "आजोबा, मॅडमना सांगू नका ना!"

"नाही सांगत. पण उद्यापासून रस्सा तरी मागे ठेवत जा."

तेव्हापासून मुली काठीजवळ यायच्या आधी तोंड पुसायच्या, जणू पुसल्यानं वजन उतरतं. अशा गमती फार. सगळ्या सांगत बसलो तर दान्बीकडे यायलाच नको.

दान्बी चौदाची झाली त्या वर्षीच्या हिवाळ्यानंतर तिला साडेतीन फेऱ्यांची उडी बसली. समोर तोंड करून उडायचं, हवेत साडेतीन वेळा फिरायचं आणि पाठमोरं उतरायचं. देशात बोटांवर मोजण्याइतक्या मुलींना जमते. मानबोकच्या हातात तेव्हा दोरी अशी लोंबत होती, जशी वाळत घातलेली. ती उतरली तसा कू मॅडमच्या हातातला जवाचा चहा बर्फावर सांडला आणि त्यावरून त्या मानबोकवरच ओरडल्या, "बघता काय, गाडी आणा!"

बाजारानं कापडी फलक लावला. आमच्याकडे कोणाचा पोरगा परीक्षेत पास झाला तरी फलक लागतो, इथं तर साडेतीन फेऱ्या होत्या. कोबीवाली म्हणाली, "सोळाची झाली ना आता? यंदा जगाच्या स्पर्धेला जाणार!" बाजाराचा हिशेब बरोबरच होता. आमच्याकडे मूल जन्मतानाच एक वर्षाचं असतं आणि नव्या वर्षाला सगळ्यांबरोबर त्याचंही एक वाढतं. मानबोकही म्हणाला, "सोळाची झाली!"

कू मॅडम दुकानात शेवया खायला आल्या तेव्हा त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "आजोबा, बाहेर वय तसं मोजत नाहीत. जन्मल्यावर शून्य. मोठ्यांच्या स्पर्धेत उतरायला जुलैची पहिली तारीख उजाडायच्या आत पंधरा पुरी हवीत. हिची तारीख कोणती?"

रश्श्यात बर्फाचा खडा हळूहळू विरघळत होता, मानबोक तिकडे बघत राहिला.

आतून उन्जू बोलली. "तीन जुलै. मुहूर्ताची."

त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. उन्जू भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे वाढदिवसाला समुद्रशेवाळाचं सार करतात. तीन जुलैला तिनं ते केलं, लेकीपुढे ठेवलं, मग एक वाटी सासऱ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "घ्या मामंजी. चारच दिवस उशीर झालाय, गार नाही झालं."

एक वर्षाची गोष्ट असती तर निभलं असतं. पण त्याच जूनमध्ये बाहेरच्या मोठ्या माणसांनी बैठक घेतली आणि वयाची अट वाढवली. पुढच्या वर्षी सोळा, त्याच्या पुढच्या वर्षी सतरा. आता नीट बघा. एकोणतीस जूनला जन्मली असती तर यंदा पंधरा, मग सोळा, मग सतरा. प्रत्येक पायरीवर पाय बरोबर पडला असता. तीनला जन्मली म्हणून पायरी दरवर्षी तिच्या नाकासमोरून वर सरकली. एक वर्ष थांबायचं होतं, ती तीन झाली.

कू मॅडम मात्र नियमाला शिव्या घालू देत नव्हत्या. मानबोक एकदा बोलून गेला तर म्हणाल्या, "माझ्या हाताखाली एक मुलगी होती, आजोबा. चौदाव्या वर्षी उडायची पाखरासारखी. आज तिला जिना उतरताना कठडा धरावा लागतो. लग्नसुद्धा व्हायचंय तिचं. हा नियम तेव्हा असता तर मी तिला थांबवलं असतं. आत्ता मोडणाऱ्या हाडांसाठी आहे तो."

"हिची मोडली नाहीत ना पण."

"अजून नाही मोडली," कू मॅडम म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये आणखी गंमत झाली. सरकारनं ठरवलं, जुनी मोजणी बंद, आता जगासारखंच वय मोजायचं. एका रात्रीत सगळा देश तरुण झाला! बाजारात हलकल्लोळ. कोबीवाली साठीतून परत पन्नाशीत आली आणि आठवडाभर केस रंगवून फिरली. गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात म्हातारे एकमेकांना म्हणत होते, "काय रे पोरा, पाठ चोळ." सगळे हसत होते आणि मानबोक गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून वर्षं मोजत बसला होता. सतराची दान्बी सकाळी उठली ती पंधराची होऊन. सगळ्या देशात एकाच पोरीला मोठं व्हायची घाई होती.

आणि मग ती मोठी व्हायला लागली.

हे सगळ्यात आधी कळलं मानबोकच्या उजव्या खांद्याला. वजनाचा काटा काही दाखवत नव्हता, मॅडमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, उन्जूनं अजून कपडे उसवले नव्हते. पण दोरीला एक सकाळी वेगळाच ताण आला. वजन तेच होतं, पण ते दुसरीकडे बसलं होतं. कमरेत. पोर हवेत पूर्वीसारखी मिटत नव्हती. साडेतीन फेऱ्या व्हायच्या त्या सव्वातीनवर उतरायला लागल्या. मानबोकला वाटलं, आज थकली असेल. आठवडाभर तो तेच म्हणत राहिला.

दान्बीनं भात सोडला. काकडी खायची. शाळेच्या डब्यातलं रताळं मैत्रिणीला द्यायची. उड्या पडतच होत्या. कपडे बदलायच्या खोलीतून तिच्या रडण्याचा आवाज यायचा आणि मानबोक बाहेर बर्फाची गाडी सुरू करून ठेवायचा, म्हणजे इतर मुलींना ऐकू जाऊ नये.

त्या पानगळीत, तळ्यावरचं धुकं रिंकच्या दारापर्यंत यायचं त्या दिवसांत, एका पहाटे ती पट्टा बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, आज नाही जमली तर मी मॅडमना सांगणार, बास झालं."

ती निघाली, उडाली, आणि मानबोकनं काठी वर घेतली. फार नाही. चहाची वाटी उचलावी तेवढीच. दान्बी उतरली. एका पायावर, पाठमोरी, हात पसरून. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"आजोबा! दोरी सैल होती ना?"

"सैलच होती."

आता दुसऱ्या दिवशी न उचलून कसं चालेल? पोर हसत हसत येत होती. मानबोकनं मनाशी म्हटलं, आठवडाभर देऊ, तिची हिंमत परत आली की सोडू. आठवडा गेला. हिंमत आली, उडी आली नाही. मग तो रोजच उचलायला लागला. पोर वाढत होती तसा तोही थोडं थोडं जास्त उचलत गेला. मॅडमच्या आणि दोरीच्या मधे आपली पाठ यावी असा उभा राहायला शिकला. जन्मभर पोती उचलून जी ताकद कमावली ती सगळी आता न दिसता उचलण्यात खर्च होत होती.

एरवी हे पंधरा दिवसांत उघडं पडलं असतं. पण कू मॅडमना ती कठडा धरून चालणारी मुलगी विसरवत नव्हती. त्यांनी ठरवलं होतं, की वय बसेपर्यंत साडेतीनची उडी काठीवरच राखायची, हाडांना मार नको. काठीविना करायच्या फक्त हलक्या उड्या. त्या रोज बघत आणि म्हणत, "राहिली आहे हो उडी! शाबास. आजोबा, दोरी?"

"सैल, मॅडम."

दान्बी रोज विचारायची. तो रोज सांगायचा. सांगून सांगून त्याला एखाद्या दिवशी स्वतःलाच खरं वाटायचं. मग घरी येऊन सदरा काढताना खांदा वर जात नसे, तेव्हा परत खोटं वाटायचं.

उन्जूनं विचारलंही एकदा. "मामंजी, खांद्याला काय झालंय?"

"म्हातारपण. सरकारनं वय कमी केलं, ते खांद्याला कळवलं नाही."

ती हसली. सुनेला हसवलं म्हणून तोही हसला.

शेवटी ते साल आलं. एक जुलैच्या आत सतरा पुरी झालेली होती, आता कोणी अडवू शकत नव्हतं. हिवाळ्यात निवडीची स्पर्धा. आठवडा राहिला तेव्हा कू मॅडमनी काठी भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली. दान्बी उडाली आणि पडली. पुन्हा उडाली, पुन्हा पडली.

"घाबरली आहेस," मॅडम म्हणाल्या. "कालच तर काठीवर इतकी सुंदर केलीस! उडी कुठे जात नाही. आजोबा, तुम्हीच सांगा तिला."

दान्बीनं आजोबांकडे पाहिलं. मानबोकच्या तोंडाशी आलं होतं. तेव्हा जरी बोलला असता, तरी मॅडमनी ती उडी काढून दुसरी, सोपी बसवली असती. नाव समुद्रापार गेलं नसतं कदाचित, पण पोर सगळ्यांदेखत आपटली नसती. तो म्हणाला, "होईल, पोरी. त्या दिवशी होईल."

आणि घरी उन्जूनं आणखी कठीण करून ठेवलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद करून ती सासऱ्यासमोर बसली. परीक्षेआधी, यश चिकटावं म्हणून खायला देतात ती चिक्कट मिठाई तिनं लेकीच्या पिशवीत भरली होती, त्यातला तुकडा तिनं मानबोकला दिला.

"मामंजी, मी तुम्हाला फार बोलले. तीन तारखेवरून."

"नाही गं."

"बोलले. आता वाटतं, झालं ते बरं झालं. पंधराची असतानाच गेली असती तर तिला काय कळलं असतं? तुमचा मुहूर्त खरा ठरला म्हणायचा."

मानबोकनं ती मिठाई तोंडात धरली. ती दातांना अशी चिकटली की बोलायचं म्हटलं तरी तोंड उघडलं नसतं. त्यानं चावली नाही, गिळली नाही, तशीच धरून बसला.

स्पर्धेत पहिलीच उडी साडेतीनची होती. दान्बी उडाली, सव्वातीनला बर्फ आला, आणि ती कमरेवर आपटली तो आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. उठली. पुढे तीच उडी परत होती. तिच्या जागी दुसरी बसवलेलीच नव्हती. परत उडाली, परत आपटली. बाकीचं सगळं तिनं नीट केलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, दया येते तेव्हा वाजवतात तशा. मानबोक कठड्यामागे उभा होता. प्रत्येक उडीला त्याचे दोन्ही हात आपोआप वर जात होते. रिकामे.

परतीच्या गाडीत कू मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उडी गेलीय हे वेळेत कळलं असतं, तर दुसरी बसवली असती." कोणाला उद्देशून, ते सांगितलं नाही.

दान्बी कितीतरी दिवस रिंकवर आली नाही. कमरेवरचा डाग काळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा. बाजारातला जुना फलक वाऱ्यानं एका कोपऱ्यातून सुटला होता, तो कोबीवालीनं गुपचूप उतरवून घेतला आणि कोबीवर पांघरला. उन्जूनं पुन्हा मुहूर्ताचं नाव काढलं नाही. त्या न काढण्यानंच मानबोक खचत गेला.

मग एका पहाटे, धुकं तसंच दाराशी असताना, दान्बी आली. तिचे बूट पायात होते. भिंतीला टेकवलेली काठी तिनं स्वतः उचलून आणली आणि आजोबांच्या हातात दिली. आता दान्बी आजोबांच्या कानापर्यंत आली होती. पट्टा बांधला, तर एक भोक पुढे सरकवावं लागलं.

"सैल सोडा," ती म्हणाली.

"लागेल, पोरी. आधीचंच अजून..."

"सैल सोडा, आजोबा. खरीखुरी सैल."

ती निघाली. मानबोकनं काठी खाली धरली. दोरी लोंबली. दान्बी उडाली, फिरली, आणि पडली. अंगावरचा बर्फाचा चुरा झटकून ती तशीच बसून राहिली. रडली नाही. दोरीचं टोक हातात घेऊन तिनं ते दोन बोटांनी ताणून पाहिलं, सोडलं, परत ताणलं.

"केव्हापासून उचलत होतात?" तिनं विचारलं.

मानबोक कधी बर्फावर बसला नव्हता. त्या दिवशी काठी आडवी टाकून तो तिच्या शेजारी बसला, आणि म्हणाला, "दोन वर्षं झाली, पोरी. जन्माला येताना तुला मी चार दिवस धरून ठेवलं, आणि वाढताना दोन वर्षं. दोन्ही वेळा मला वाटलं, मी तुला वर उचलतोय."